जोतिबाला ठेवलेल्या सहा काचा

कॉलेजच्या फाटकाजवळच्या चिंचेवरून कावळ्याने इंगळेमास्तरांच्या पांढऱ्या टोपीवर प्रसाद टाकला. दुसरा कुणी असता तर कावळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत नळाकडे पळाला असता. मास्तर जागच्या जागी थांबले.

"शास्त्री, पुसू नका. शिवणीपासनं किती बोटं?"

"असेल दोन-तीन."

"असंल न्हाय! जागा सांगा, जागा!"

मी संस्कृत शिकवणारा माणूस, भर रस्त्यात बोटं लावून मोजलं. अडीच. शिंतोडे कुठल्या अंगाला गेलेत तेही त्यांनी विचारून घेतलं, मग वर पाहून नेमकी फांदी दाखवली. कावळा अजून तिथंच बसला होता.

मास्तर आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. चष्मा टेबलावर आहे म्हटलं तरी खवळत. "टेबल दोन हात लांब हाय. टेबलावर कुठं?" आभाळातून घडोघडी बारीक कण पडतात आणि छपरातून, टोपीतून, आपल्यातून आरपार जातात, असं ते सांगत. मला पटत नसे, पण तसं म्हणायची छाती नव्हती. "पडतंय हे कुणीबी सांगंल. कुठं पडलं, कुठनं आलं, ते सांगाय पायजे की!"

ते सांगणाऱ्या खास फोटोच्या काचा असत. वर रसायनाचा जाड लेप. कण त्यातून गेला की काच धुतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यांची रेघ दिसे. मुंबईच्या एका प्रयोगशाळेला मास्तरांनी दोन वर्षं पत्रं घातली, तेव्हा कुठे सहा कोऱ्या काचा आल्या. सोबत, रेघ कशी दिसते ते कळावं म्हणून धुतलेली एक नमुन्याची काच. एक जरी रेघ नीट मोजून पाठवलीत तर इथं कामाला घेऊ, असंही लिहिलं होतं. ते पत्र मास्तरांनी मला तीनदा वाचून दाखवलं.

उंचावर जास्त कण मिळतात, म्हणून काचा उजेड लागू न देता काळ्या कागदात गुंडाळून, डब्यात घालून आम्ही जोतिबाच्या डोंगरावर नेल्या. तिथं शेवंतामावशींचं नारळ-गुलालाचं दुकान होतं. "वरनं येतंय ते यात धरायचंय, मावशी. जपा," एवढंच मास्तर म्हणाले.

महिन्याने परत गेलो. मावशींनी डबा हातात दिला तो अभिमानाने.

"लई जपलं बगा, मास्तर. काळ्या कागदातनं वरचं आत कसं शिरंल? म्हून रोज कागद काढून काचा पत्र्यावर मांडत हुते. उन्हात!"

मी ओरडणारच होतो. मास्तरांनी माझा दंड धरला. मग विचारलं, "पत्र्यावर कुठं?"

"न्हाणीच्या वर, कौलाजवळ."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, मावशींचा चहा घेतला. काचा धुतल्या तर सगळ्या तव्याच्या बुडासारख्या काळ्या. मुंबईला त्यांनी कळवलं, "माझ्या चुकीने काचांना उजेड लागला." मी भांडलो. म्हणाले, "कागद काढू नका असं मी कुठं सांगितलं हुतं?" मुंबईहून पुन्हा पत्र आलं नाही.

पंधरा दिवसांनी मावशी नारळ भरायला कोल्हापुरात आल्या आणि थेट प्रयोगशाळेत शिरल्या.

"माझ्या पत्र्यावर काय घावलं, दावा की!"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मास्तरांनी कपाटातून नमुन्याची काच काढली, सूक्ष्मदर्शकाखाली बसवली आणि मावशींना स्टुलावर बसवलं. आधी त्यांनी भलताच डोळा मिटला. मग दुसरा मिटून वाकल्या.

"आगं बाई... मुंग्यांची रांगच की! आभाळातनं आली?"

"व्हय."

"माझ्याच पत्र्यावर पडली न्हवं?"

अर्ध्या बोटाची चूक न चालवून घेणाऱ्या त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं मला तेव्हा वाटलं. मास्तरांनी वही उघडली, तिच्यात बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं,

"तुमच्याच, मावशी. न्हाणीच्या वर, कौलाजवळ."