टाकीखालचा गालिचा

नावेतली जी वस्तू हमखास बिघडणार, ती हात पोहोचणार नाही अशाच जागी बसवावी, हे नौकाबांधणीचं पहिलं तत्त्व आहे. त्यामुळे मालकाला तिची आठवण होत नाही आणि त्याचं मनःस्वास्थ्य टिकतं. केरकेना बेटावरच्या रईस (म्हणजे तिथल्या बोलीत नावेचा कप्तान) मुन्जीच्या नावेत हे तत्त्व कसोशीनं पाळलं होतं. आधी पेट्रोलची टाकी ठेवली, मग तिच्यावर फळ्यांची जमीन ठोकली, फटी बुजवल्या आणि वर निळ्या रंगाचे चार हात दिले. टाकी काढायला झाकण ठेवलं नव्हतं. (टाकीला बाहेर काय काम?)

पुढे नावेत पेट्रोलचा वास येऊ लागला. मुन्जीनं पद्धतशीर तपास करून आधी शेजारची नाव, मग वारा आणि शेवटी संपूर्ण बंदर दोषी ठरवलं. तळात साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला, तेव्हा बंदरावरच्या तज्ज्ञांची (म्हणजे ज्यांच्याकडे नाव नव्हती अशा सर्वांची) बैठक भरली. भोकाला साबण चोळावा, असं दहांपैकी नऊ जणांचं मत पडलं. दहावे झोपले होते. भोक जमिनीखाली असल्यामुळे मुन्जीनं साबण जमिनीला चोळला. वास कायम राहिला. मात्र त्या आठवड्यात नावेत पाय ठेवणारा प्रत्येक जण आडवा झाला.

मग त्यानं नावेत सिगारेटबंदी केली. स्वतः तो मागच्या कडेवरून बाहेर लोंबकळून ओढायचा.

हे असंच सुखानं चाललं असतं, पण मुलीचं, दुर्राचं, लग्न ठरलं. तिला रुखवताच्या पेटीसकट बापाच्या नावेतून पलीकडच्या किनाऱ्यावर, स्फाक्सला सासरी न्यायचं होतं.

"दुर्राच्या बापा," बायको सालहा म्हणाली, "माझी पोर नावेच्या मधोमध बसणार. पुढ्यात ऊद जळणार, दोन्ही अंगांना मेणबत्त्या. आणि तिच्या खाली काय असणार?"

"समुद्र," मुन्जी म्हणाला.

"आणि समुद्राच्या वर?"

मुन्जी ऑक्टोपसचा तुकडा चघळत राहिला. त्यालाही हल्ली पेट्रोलची चव येई.

"टाकी बदल. नाहीतर मी वरात फेरीबोटीनं नेते. आणि का नेतेय ते बोटीवर सगळ्यांना सांगते."

रईसाची मुलगी कांद्याच्या पोत्यांशेजारी बसून सासरी जाणार! मुन्जी रागारागानं नावेवर गेला आणि दुर्रा बसणार होती तिथंच बसला. वास नाकात शिरला. या वेळी कोणाला दोष द्यावा हे त्याला सुचेना. डोळ्यांपुढे पोरगी आली, तिच्या दोन्ही अंगांच्या मेणबत्त्या आल्या, आणि तो घाम पुसत उठला तो थेट मेव्हण्याच्या दारात.

मेव्हणा तिजानी सुतार होता. त्यानं पेट्रोल उपसलं, नाव वाऱ्याला उघडी ठेवली आणि हातकरवतीनं जमीन कापायला घेतली. मुन्जी पाठ फिरवून उभा होता.

"बघ तरी इकडे!"

"माझ्याच्यानं बघवत नाही. चार हात दिले होते रंगाचे."

टाकी निघाली. तिच्या पोटाला सडका, खाऱ्या पाण्यानं चिंब झालेला गालिचा चिकटला होता. तो सोलून काढल्यावर टाकीची चाळण दिसली.

"हा कुठल्या गाढवानं घातला?"

"मीच. खालून टोचू नये म्हणून."

"टोचलं नाही," तिजानी म्हणाला. "गंजली. ओलं फडकं बांधून ठेवलंस, दुसरं काय होणार?"

मुन्जीला ते पुरतं पटलं. त्यानं गालिचा स्वतःच्या हातांनी उकिरड्यावर फेकला.

स्फाक्सहून नवी टाकी आली. चांदीसारखी लखलखीत. तिजानी ती नुसत्या लाकडी पट्ट्यांवर ठेवणार, तोच सालहा आली. तिच्या हातात दुर्राच्या रुखवतातला लाल गालिचा होता.

"इतकी सुंदर टाकी, तशीच ठेवणार? खरचटेल ना!"

सगळे तिजानीकडे बघू लागले. त्यानं गालिचा हातात घेतला, उलटसुलट केला, विणीवरून अंगठा फिरवला.

"हा मात्र अस्सल लोकरीचा आहे," तो म्हणाला.

गालिचा घातला. त्यावर टाकी, टाकीवर जमीन, जमिनीवर रंग. झाकण ठेवलं नाही; वरातीत ते वाईट दिसलं असतं.

वरात थाटात झाली. ऊद जळला, ढोल वाजले, दुर्रा रडता रडता हसली आणि कुठेही स्फोट झाला नाही. पाहुण्यांनी जमिनीच्या रंगाची फार तारीफ केली.

वाचकांना आता मुन्जीला हसायचं असेल, तर त्यांनी जरूर हसावं. मात्र हसून झाल्यावर टीव्हीचा आवाज वाढवताना रिमोट जरा जोरात दाबावा. खरचटू नये म्हणून घातलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून बटणं नीट लागत नाहीत.