मापसाहेबांची क्षमायाचना

अहंकार हा आत्मिक उन्नतीच्या वाटेवरचा सर्वांत मोठा अडथळा आहे, हा ठराव आमच्या मंडळाने पहिल्याच बैठकीत तेवीस विरुद्ध एक अशा बहुमताने मंजूर केला. (विरोधात मत देणाऱ्या दंतवैद्यांना कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ठराव बरोबरच आहे. पण तो आधी मला दाखवायला हवा होता.")

मंडळाचं नाव अहंनिवारण मंडळ. दर रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमतो. प्रस्तुत लेखक मंडळाचा कार्यवाह आहे. या अहवालात 'मी' हा शब्द कुठे आढळल्यास ती छपाईची चूक समजावी.

सुरुवातीला संस्कृतच्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही नुसतं 'बाई' म्हणतो, तासभर बोलत. त्यांचं म्हणणं फार साधं होतं. हात काम करतात, डोळे बघतात, मन विचार करतं. आणि मध्येच कोणीतरी उठून सगळ्याचं श्रेय घेतो. तो कोण, एवढंच शोधायचं. हे इतकं सोपं होतं की दोन महिने कोणाचाच कोणाशी मतभेद झाला नाही. मंडळ बंद पडायची वेळ आली होती. तेवढ्यात मापसाहेब आले.

मापसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. नोकरी संपली तरी नजर संपली नव्हती. पहिल्याच दिवशी उभे राहून त्यांनी विचारलं, "अहंकार सोडला म्हणता, पण किती सोडला?"

बाई म्हणाल्या, "मोजणारा उरला, तर काहीच सुटलं नाही असं समजा."

मापसाहेबांनी हे वाक्य डायरीत उतरवून घेतलं आणि पुढच्या रविवारी तीन छापील नमुने आणले. नमुना एक, मूळ अहंकाराची नोंद. नमुना दोन, दर आठवड्याची घट. नमुना तीन, क्षमायाचना. हा साक्षीदारासमोर भरायचा, आणि त्यात माफीचे शब्द, आवाजाची पट्टी आणि मान किती अंशांत झुकली यांसाठी वेगळे रकाने होते. मंडळात चैतन्य आलं.

पहिल्या मोजणीत सभासदांचा सरासरी अहंकार शंभरपैकी अकरा भरला. खातरजमा म्हणून तेच नमुने घरच्यांकडून भरून घेतले, तर तो सत्त्याऐंशी आला. मधला शहात्तरचा फरक घरच्यांच्या अहंकारामुळे पडला असावा, असा निष्कर्ष समितीने काढला.

पुढची पायरी म्हणून 'मी' या शब्दावर बंदी आली. त्याऐवजी 'हा देह' म्हणायचं. मापसाहेबांनी हा नियम घरीही लागू केला. सकाळी ते आरामखुर्चीतून म्हणाले, "या देहाला चहा हवा आहे."

आतून वहिनी म्हणाल्या, "देहाला म्हणावं, ऊठ आणि कपबशी विसळ. कालपासून तिथंच पडलीय."

(वहिनींची नोंद नमुना एकमध्ये 'पंच्याण्णवच्या पुढे' अशी आहे.)

यानंतर बसण्याच्या जागांचा प्रश्न आला. नम्र माणूस शेवटच्या रांगेत बसतो, हे सर्वमान्य आहे. पण आमच्याकडे सगळेच नम्र, आणि शेवटची रांग एकच. आठची बैठक, पण सव्वासातलाच ती रांग भरायला लागली. कोणी आदल्या दिवशी खुर्चीवर रुमाल ठेवून जाऊ लागले. उशिरा येणाऱ्यांनी शेवटच्या रांगेमागे आणखी एक रांग मांडली. त्यांच्या मागे तिसऱ्यांनी. चार आठवड्यांत सभासद मागे सरकत सरकत दाराबाहेर गेले आणि मापसाहेब जिन्याच्या सातव्या पायरीवर बसू लागले. तिथून बाईंचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण त्यांच्याहून मागे बसणं आता कोणालाही शक्य नव्हतं.

रिकाम्या सभागृहाशी किती बोलणार, म्हणून एके दिवशी बाई उठल्या आणि सरळ बाहेर येऊन जिन्यात बसल्या. नेमक्या सातव्या पायरीवर.

"ही जागा माझी आहे," मापसाहेब म्हणाले.

बाई हसून एक पायरी वर सरकल्या. पण त्याच वेळी घराची किल्ली द्यायला वहिनी आल्या होत्या, आणि त्या खालच्या पायरीवर उभ्या होत्या.

"ही जागा तुमची?" त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पंचाहत्तरीचा फोटो काढताना भावजी एवढंच म्हणाले, की दादा, तू उंच आहेस, जरा मागे उभा राहा. तेवढ्यावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंत तुम्ही. आणि आता मागे बसण्यावरून भांडताय?"

दंतवैद्यांनी हळूच विचारलं, "फोटोत दिसतात का पण हे?"

"एक कान दिसतो," वहिनी म्हणाल्या. "बाकी सगळे नणंदेच्या अंबाड्यामागे."

बाईंनी मापसाहेबांकडे पाहिलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "मग तिथूनच सुरुवात करा की. जाऊन भेटा त्याला."

तेवीस माणसं बघत असताना नाही म्हणणं अहंकाराचं ठरलं असतं. मापसाहेब हो म्हणाले. नमुना तीन घेऊन साक्षीदार म्हणून मी सोबत गेलो.

धाकट्याचं चष्म्यांचं दुकान आहे. अरुंद जागा, दोन्ही भिंतींवर काचेची कपाटं, त्यांत ओळीने फ्रेमा. आत पडदा, पडद्यामागे डोळे तपासायची उंच खुर्ची आणि समोर अक्षरांचा तक्ता. आम्ही गेलो तेव्हा तो एका आजींच्या चष्म्याचा स्क्रू पिळत होता.

मापसाहेबांनी घसा साफ केला. वाक्य त्यांनी चार दिवस पाठ केलं होतं. "नऊ वर्षांपूर्वी या देहाकडून..."

तोवर धाकटा काउंटरच्या बाहेर आलाच. (वहिनींचा फोन सकाळीच गेला होता, हे नंतर कळलं.) "दादा, चुकलं माझं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर तुला असं मागे लोटायला नको होतं."

मापसाहेब लालबुंद झाले. "थांब! माफी मागायला मी आलोय."

"तू कशाला मागायची? तू मोठा आहेस."

"म्हणूनच आधी मी. मोठा मी आहे."

"पण चूक माझी होती ना!"

"चूक माझी! लहानपणापासून तुझं हेच. माझ्या हातातलं काढून घ्यायचं. आता चूकही घेतलीस!"

आजी म्हणाल्या, "दोघांचीही चूक आहे. माझा चष्मा द्या."

आजींना चष्मा मिळाला आणि त्या गेल्या. हीच संधी साधून धाकटा पाया पडायला वाकला. त्याला आधी वाकू द्यायचं नाही म्हणून मापसाहेबही वाकले. डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज झाला. (मान झुकल्याचे अंश: अंदाजे सत्तर, दोघांचेही.) मापसाहेबांचा चष्मा खाली पडला आणि त्याची एक काच निखळली.

धाकट्याने तो उचलला, उजेडात धरला. "दादा, हा मीच दिलेला चष्मा. दहा वर्षं झाली याला."

"चांगला चालतो."

"काय चालतो? नंबर कधी तपासलास?"

मापसाहेब भिंतीवरच्या फ्रेमा बघू लागले. दुसऱ्या दुकानात जायचं, तर धाकट्यापेक्षा दुसरा कोणी चांगला आहे हे मान्य करावं लागलं असतं. आणि ते तर खोटं होतं. धाकट्याकडे यायचं, तर यावं लागलं असतं.

"बस खुर्चीत," धाकटा म्हणाला. मापसाहेब बसले. त्याने त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, एक डोळा झाकला. "वाच."

वरची मोठी ओळ मापसाहेबांनी खणखणीत वाचली. दुसरीही. तिसरी त्यांनी तितक्याच खणखणीतपणे, पण संपूर्ण चुकीची वाचली. चौथ्या ओळीच्या टोकाचा 'ट' वाचला, तेव्हा धाकटा हळूच म्हणाला, "दादा, तो खिळा आहे."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"दिसत नाही रे," मापसाहेब म्हणाले.

हा आवाज मंडळात मी कधी ऐकला नव्हता.

"कधीपासून?"

"झाली तीन-चार वर्षं. हिला सांगितलं नाही. जिना उतरताना भिंत धरून उतरतो." मग ते म्हणाले, "ते नमुनेही मला वाचता येत नाहीत. अंदाजाने आकडे घालतो."

(मंडळाची चार महिन्यांची आकडेवारी त्यामुळे फेरतपासणीसाठी ठेवली आहे.)

धाकटा एकेक काच बदलत गेला. "आता?" "नाही." "आता?" "थोडं." "आणि आता?"

तक्त्याकडे न बघता मापसाहेब भावाकडेच बघत राहिले.

"तुझे केस केवढे पांढरे झाले रे," ते म्हणाले.

धाकटा पाठ वळवून काचांची पेटी आवरत बसला. ती आधीच आवरलेली होती.

मांडीवर नमुना आणि हातात पेन घेऊन मी थांबलो होतो. क्षमायाचनेचं वाक्य अपूर्ण राहिलंय, याची मी दोन वेळा नम्र आठवण करून दिली. कोणाला ऐकू गेलं नाही. चाळीस मिनिटांनी मी उठलो. शब्दांचा रकाना कोरा, आवाजाची पट्टी नोंदवता न येण्याइतकी खालची. नियमानुसार क्षमायाचना झालेली नाही. गुण शून्य.

मापसाहेबांनी त्यानंतर मंडळ सोडलं. रविवारी सकाळी ते दुकानात बसून लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू पिळतात आणि गिऱ्हाईक नसलं की दोघं भाऊ कसल्यातरी फालतू गोष्टीवरून वाद घालतात. 'मी' हा शब्द तर ते सर्रास वापरतात. वहिनी सांगत होत्या, "परवा म्हणाले, मी चहा करतो. आणि केलाही."

ही घसरण बाईंच्या कानावर घातली, तेव्हा त्या मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "सुटला वाटतं." या विधानाला कोणतीही आकडेवारी जोडलेली नसल्याने ते कामकाजातून वगळण्यात आलं. बाईही हल्ली येत नाहीत. आता शिकवणारं कोणी नाही, त्यामुळे मंडळाची प्रगती झपाट्याने होत आहे. वर्षातील सर्वांत निरहंकारी सभासद निवडण्यासाठी गुप्त मतदान झालं. बावीस सभासद हजर होते. प्रत्येकाला एक मत पडलं.

हा अहवाल आजवर दोनशे चौदा जणांनी वाचला आहे. त्यांपैकी दोनशे चौदा जणांनी, शेवटच्या ओळीपर्यंत पोचायच्या आतच, आपल्या ओळखीतल्या अशा एका माणसाचं नाव सांगितलं की ज्याने हा खरोखर वाचायला हवा. तुमच्याही मनात ते नाव आलेलं आहेच. ते पत्त्यासह कळवावं, प्रत घरपोच पाठवू. (स्वतःचं नाव लिहिण्यासाठी अर्जात रकाना ठेवलेला नाही. तशी मागणी अजून कोणाकडून आलेली नाही.)