मेव्हणा चार्जिंगला आहे

“सर, मेव्हणा लई तापलाय. जरा वेळ तुमच्या फ्रीजमदी ठिवू का?”

शिवगोंडाअण्णांनी हे विचारलं तेव्हा माझ्या हातातला कप हातातच राहिला. मी त्यांच्या मागं पाहिलं. मेव्हणा म्हणावा असा कुणी माणूस तिथं नव्हता. अण्णांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काळी बॅटरी होती. माझ्या होकाराची वाट न बघता त्यांनी ती दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली आणि फ्रीजचं दार लावून घेतलं.

“गार झाला की परत कामाला लागंल,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. “तवर च्या टाकतासा न्हवं?”

अण्णा आमच्या भिंतीपलीकडचे. मूळचे गडहिंग्लजकडचे, त्यामुळं बोलण्यात मधूनच कानडी. उद्यमनगरात एका कारखान्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या मुलानं त्यांना बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन आणून दिलं आणि अण्णा पेठेतल्या लोकांच्या घरी पडद्याचे रॉड, कपाटं, फळ्या बसवून द्यायला लागले. मला ते सर म्हणत. मी शिक्षक नव्हतो, छापखान्याची प्रुफं तपासत होतो. ते सांगून पाहिलं, तर म्हणाले, “दुसऱ्याच्या चुका काडतासा न्हवं? मग सरच की.”

त्या वर्षी माझी बायको, नलिनी, गेली. तिच्या मागं माणसांत फक्त मी होतो, बाकी सगळी पुस्तकं. पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली, कपाट गेलं आणि पुस्तकं मी पलंगावर तिच्या बाजूला रचून ठेवली. रात्री मी उरलेल्या जागेत झोपत असे. तिची धाकटी बहीण कुरुंदवाडला असते. दिवाळीला ती आली, तिनं पलंग बघितला आणि जाताना म्हणाली, “भावजी, वर्षश्राद्धाला मी येईन. तोपर्यंत ही पुस्तकं भिंतीवर गेली नाहीत, तर टेम्पो आणून आमच्या गावच्या वाचनालयाला देईन. हे असं झोपणं बरं नव्हे.” ती बोलल्याप्रमाणं करणारी आहे. मी घाबरलो आणि अण्णांना हाक मारली.

अण्णांनी पलंग बघितला. टेपनं भिंत मोजली, सागाच्या फळ्या सांगितल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन घेऊन हजर झाले. सोबत एका पिशवीत तीन बॅटऱ्या होत्या.

तिन्ही डुप्लिकेट. कुठल्या कंपनीच्या ते कुणालाच ठाऊक नसावं, कारण त्यांच्यावरच्या इंग्रजी नावाचं स्पेलिंग तिन्हींवर निराळं होतं. मला तर ते बघवेना. त्यातली पहिली फ्रीजमध्ये गेली ती त्याच संध्याकाळी, आणि त्यानंतर अण्णांनी तिघांची ओळख पाहुण्यांची करून द्यावी तशी करून दिली.

“ह्यो मेव्हणा. रातभर खातो आनि सकाळी दोन स्क्रूत आडवा हुतो. ही आत्याबाई. हात लावायच्या आधी तापती. आनि हे व्याही. ह्यास्नी फेटा बांधल्याबिगार बसत न्हाईत.”

व्याही मशीनमध्ये सैल बसत. म्हणून अण्णा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी त्यांच्याभोवती तीनचार वेढे देऊन आवळत. हाच फेटा. एकदा अण्णा शिडीवर असताना फेटा सुटला आणि व्याही वरून थेट माझ्या चहात पडले. कप फुटला, प्रुफांवर चहा सांडला, मी भिंतीला टेकून उभा राहिलो. अण्णांनी वरून शांतपणे खाली बघितलं.

“रुसलं वाटतं,” ते म्हणाले. “मानपानात कायतरी कमी पडलं.”

कामाची रीत अशी होती. पहिला स्क्रू जोरात जाई. दुसरा कण्हत जाई. तिसऱ्याला मशीन भिंतीतच थांबे, टोक विटेत रुतलेलं, अण्णा खालून दांडा धरून. मग बॅटरी काढून चार्जिंगला लावायची. तीनपैकी एक तापलेली, एक संपलेली आणि एक रुसलेली असल्यामुळं वाट बघण्याला पर्याय नसे. त्यात तेव्हा लोडशेडिंगचे दिवस. चार्जरचा लाल दिवा लागला की थोड्या वेळात गल्लीतलेच सगळे दिवे जात.

“इरली,” अण्णा म्हणत. कानडीत ‘असू दे’. हे त्यांचं पालुपद. फळी तिरकी झाली, इरली. स्क्रू वाकला, इरली. लाईट गेली, इरली, बसतो मी.

मी गप्प राहणारा माणूस, पण प्रुफं तपासणाऱ्याला चूक बघून किती गप्प राहवणार? एकदा विचारलं, “अण्णा, ह्या मशीनची खरी बॅटरी नसते का? कंपनीची?”

“ओरिजनल व्हय? ओरिजनल काय आभाळातनं पडती काय? माणसंच करत्यात की. बसती न्हवं? मग झालं.”

“पण बसत नाही ना.”

“सवय लावाय लागती, सर. नवी म्हस घरात आनली तर ती बी आधी दूध चोरती.”

“मग वायरचं मशीन आणा.”

“वायर लावली की मानूस बांधला जातो,” अण्णा म्हणाले आणि चार्जरच्या वायरीशेजारी मांडी घालून बसले.

बसले की ते पुस्तकांकडं वळत. एक उचलायचं, मागचं पान निरखायचं आणि विचारायचं, “ह्यात काय हाय?” मी सांगत असे. सुरुवातीला दोन वाक्यांत. मग अण्णा अडवत. “थांबा. त्या पोरीचा बाप असा का वागला? आनि वहिनींना ह्ये आवडलेलं?” मग मला सांगावं लागे की नलिनीला शेवट मुळीच आवडला नव्हता, ती दोन दिवस लेखकावर चिडून होती, आणि तो राग माझ्या आमटीत उतरला होता. अण्णा पोट धरून हसत. मीही हसलो एकदा. माझाच आवाज ऐकून दचकलो.

फळीवर पुस्तकं लावायची त्यांची पद्धत बघून तर मला घाम फुटला. मी लेखकांच्या नावानं लावणार होतो. अण्णांनी खुनाची पुस्तकं सगळ्यात वर ठेवली, “पोराबाळांच्या हाताला नकोत.” घरात पोरंबाळं नव्हती. पाककृती मध्ये. आणि जी ऐकताना त्यांचे डोळे भरून आले होते ती सगळी खालच्या फळीवर.

“रडायची खाली असूद्यात, सर. हाताशी. त्यासाठी शिडी कोन चढंल?”

असे महिने गेले. गुढीपाडवा जवळ आला. त्यानंतर आठवड्यानं वर्षश्राद्ध, आणि निम्म्या फळ्या अजून भिंतीला टेकून उभ्या. मला टेम्पो दिसायला लागला.

मग ती संध्याकाळ. आत्याबाई जेवणाच्या टेबलावर चार्जिंगला होती. शेजारी पुस्तकांची चळत, तिच्या शेजारी माझी प्रुफं. मी एका कादंबरीतल्या बोटीबद्दल सांगत होतो आणि अण्णा ऐकत होते. सूं असा आवाज आला. मला वाटलं कुकर. वळून बघतो तर बॅटरीचं प्लास्टिक मेणासारखं वाकत होतं आणि त्यातून पांढरा, घशाला चावणारा धूर निघत होता.

मी जागचा हललो नाही. अण्णा उठले. आधी त्यांनी दोन्ही हातांनी पुस्तकांची चळत कवळून लांब सारली. मग चार्जरची पिन ओढली, तसली ती बॅटरी नुसत्या हातानं उचलली आणि मागच्या दारानं धावत जाऊन अंगणातल्या वाळूच्या ढिगात टाकली. ती तिथंही बराच वेळ धुमसत होती.

“गेली आत्याबाई,” अण्णा म्हणाले. त्यांचा तळहात लालभडक झाला होता.

मी त्यांचा हात नळाखाली धरला. पाणी सोडलं, बराच वेळ सोडून ठेवलं, मग मलम लावलं. ते झाल्यावरही मी हात लगेच सोडला नाही. नलिनीला दवाखान्यात नेलं होतं, त्यानंतर मी कुणाचा हात धरला नव्हता. हे माझ्या ध्यानात आलं तसं बहुधा त्यांच्याही आलं असावं, कारण ते नुसते म्हणाले, “इरली, सर.”

टेबलावर अजून तो काळा डाग आहे. मी त्यावर काही अंथरत नाही.

त्या गडबडीत मशीन आमच्याकडंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी ते परत द्यायला त्यांच्या घरी गेलो. अण्णा मलमपट्टीला गेले होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, भडंगासाठी लसूण सोलत बसल्या होत्या.

“धुरानं खराब झालं न्हाई न्हवं? बघू,” म्हणून त्या उठल्या. कोनाड्यातून त्यांनी एक बॅटरी काढली, मशीनच्या मुठीत सारली.

खट् आवाज झाला.

इतके महिने मी त्या मशीनचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. बॅटरी बसली होती. फेटा नाही, ओलं फडकं नाही. अक्कांनी घोडा दाबला आणि मशीन असं गरगरलं की मी मागं सरलो.

“चांगलं हाय की,” त्या म्हणाल्या.

“अक्का, ही बॅटरी कुठली?”

“ही? ओरिजनल. मशीनबरोबर पोरानं आनलेली. सगळीकडं हीच न्हेत्यात. परवा सावंतबाईंचं अख्खं कपाट हिच्यावर बसवून जेवायला घरला आले.”

“मग ती बाकीची?”

“ती व्हय. कवातरी बाजारातनं स्वस्तात आनली आनि फसले. माळ्यावर पडलेली. तुमच्याकडचं काम निघाल्यावर ह्यांनी खाली काडली. मी म्हनलं, अवो, ती भंगारात घाला. तर म्हनले, सरांच्याकडं घाई न्हाई.”

मी उभा होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं आणि ही माझ्या टेबलावर बसून रोज चहा पीत होती, तरी मला दिसली नव्हती. कारण ती चूक नव्हतीच.

माझा चेहरा बघून अक्कांचा हात थांबला. “तुमास्नी म्हाईत न्हवतं व्हय?” मग हळूच म्हणाल्या, “मी बोलले म्हनू नका.”

“नाही सांगत,” मी म्हणालो.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी अण्णा आले. हाताला पट्टी, सोबत पिशवी नाही. मशीन डाव्या हातात धरून त्यांनी उरलेल्या सगळ्या फळ्या एका बैठकीत बसवल्या. मी स्क्रू देत गेलो. एकही अडकला नाही.

“आज मेव्हणा?” मी विचारलं.

“रजेवर हाय,” अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले. चहाला थांबले नाहीत.

नलिनीची बहीण आली. मोकळा पलंग बघितला, भिंत बघितली, खालच्या फळीवरून हात फिरवला आणि टेम्पोचं नाव काढलं नाही. जेवणं झाली, ती कुरुंदवाडला परत गेली.

त्यानंतर माझ्या घरात सगळं जागेवर होतं. संध्याकाळी चहाचं आधण ठेवलं की पाणी आपोआप दोन कपांचं पडे. चार्जरचा लाल दिवा जिथं लागायचा तिथं मी बघत बसे. लोडशेडिंग झालं तरी कुणी इरली म्हणत नव्हतं. काम संपलेल्या घरी कारणाशिवाय जायची अण्णांची रीत नव्हती, आणि कारण नसताना बोलवायची माझी नव्हती.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून स्क्रूड्रायव्हर आणला. खालच्या फळीचा डावीकडचा स्क्रू दोन वेढे सैल केला. मग अंगणात जाऊन भिंतीवरून हाक मारली.

“अण्णा, खालची फळी हलायला लागलीय.”

पलीकडं चपला भिंतीपर्यंत वाजत आल्या.

“व्हय?” मग अण्णांचा आवाज आला. “ओरिजनल आनू का?”

म्हणजे मला कळलंय हे अक्कांनीच त्यांना सांगितलं होतं.

“नको,” मी म्हणालो. “मेव्हण्याला आणा. घाई नाही.”