तांबडा म्हणजे सा

"शिवरात्रीपर्यंत तुला पेटी वाजवता न्हाय आली, तर मिशी उतरवीन!" सिद्धेश्वर गुरुजींनी सास्तूरच्या घरात, जेवता जेवता बायकोला, शिवलीलाला, सांगून टाकलं. मिशी तशी नावालाच होती, पण बोलणं मोठं होतं!

वेळही तशीच आली होती. बायकांच्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या गिरिजाबाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि शिवरात्रीला लोहाऱ्यात भजनस्पर्धा होती. पेटीशिवाय मंडळाला मंचावर कुणी चढू देणार नव्हतं. शिवलीलानं हौसेनं "म्या वाजवते" म्हटलं खरं, पण गुरुजींनी बारीक अक्षरात लिहून दिलेलं सारेगम बघून तिला रडूच फुटलं.

"मला तर समद्या मुंग्याच दिसायल्यात! कुठली मुंगी कुठं दाबायची?"

गुरुजी शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. चूक बायकोची नव्हतीच, मांडणीची होती! त्यांनी दाराएवढा पांढरा तक्ता घेतला. सा तांबडा, रे नारिंगी, ग पिवळा, म हिरवा, प निळा, ध जांभळा, नी गुलाबी! लांबवायच्या सुराला लांब पट्टा, आखूड सुराला ठिपका, चढा सूर वर, उतरता खाली, आणि ओळींमध्ये ऐसपैस मोकळी जागा. पेटीच्या पट्ट्यांवर त्याच रंगांच्या टिकल्या चिकटवल्या. शिवलीलाची टिकल्यांची पाकिटं रिकामी झाली. पण तक्त्याकडं बघत तिनं भजनाची पहिली ओळ न अडखळता वाजवली आणि स्वतःच दचकून हात मागं घेतला!

"अवो, हे तर रांगोळी काढल्यावानी हाय!"

गुरुजींनी आरशासमोर जाऊन मिशीला पीळ दिला.

शिवरात्रीला दिवेलागणीच्या वेळी मंडळ मंचावर बसलं. माईक घेऊन मुख्य गाणाऱ्या धुरपदाबाई पुढं, टाळ घेतलेल्या बायका मागं, पेटीवर शिवलीला, तिच्यासमोर खुर्चीला टेकवलेला तक्ता. भजन असं सुरेख उठलं की मंडपवाल्या अमरसिंहला राहवेना. त्यानं नुकतेच घेतलेले रंगीत दिवे सुरू केले. पहिला लाल!

तक्ता लालभडक झाला. सा गेला, रे गेला, नी गेला! लाल उजेडात तांबडा रंग ओळखू येत नाही, हे गुरुजी दरवर्षी वर्गात शिकवतात. शिवलीलाचे हात जागच्या जागी थिजले.

"पांढरा! पांढरा लाव!" गुरुजी खालून दोन्ही हात हलवून ओरडले. टाळांच्या गजरात अमरसिंहला ऐकू काही आलं नाही, हात तेवढे दिसले. गुरुजी रंगात आलेत असं वाटून त्यानं हिरवा लावला. आता म गायब आणि सा काळा! गुरुजींनी उड्या मारल्या. अमरसिंह खूश! त्यानं सगळेच दिवे गरागरा फिरवायला सोडले.

शिवलीलानं गुरुजींकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. गुरुजी धोतर सावरत मंचावर चढले आणि धुरपदाबाईंच्या हातातला माईकच ओढला. तक्ता त्यांनीच रंगवला होता, त्यामुळं तोंडपाठ होता.

"तांबडा! तांबडा! पिवळा! निळा, लांब धर, लांब!"

टिकल्यांच्या जागा शिवलीलाच्या बोटांना ठाऊक होत्या. पेटी पुन्हा बोलू लागली. धुरपदाबाईंना वाटलं, गुरुजींनी नवीन ध्रुवपद बसवलंय! त्यांनी खणखणीत आवाजात उचललं, "तांबडा गं तांबडा!" मागून साऱ्या बायकांनी झेललं आणि मग टाळ्या वाजवत अख्ख्या मंडपानं.

नंबर काही आला नाही. भजनात महादेवापेक्षा रंगांचीच नावं जास्त झाली, असं परीक्षकांचं म्हणणं पडलं.

परतताना जीपमध्ये गुरुजी मिशी चाचपत बसले होते.

"अवो, तोंड कशाला पाडताव? शेवटापत्तर वाजवली का न्हाय म्या?" शिवलीला म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "तामलवाडीच्या जत्रेला बोलावलंय आमाला. तेच रंगाचं भजन पायजे म्हनं!"

गुरुजी ताडकन सावरून बसले. "मग तक्ता आणखी मोठा करतो! रंगही दिव्यांत उठून दिसतील असे घेतो, आणि..."

"तक्ता ऱ्हाऊ द्या घरी," शिवलीला म्हणाली. "तुमी तेवढं या वरडायला."