चाळीसपासून एकपर्यंत

"ताई, आज रेडिओच तुला उत्तर देईल," असं लॉन्ड्रीवाल्याने सकाळीच थोरल्या बहिणीला बजावलं. त्याच्या बायकोने एका गाण्याच्या कोरसमध्ये आवाज दिला होता, आणि ते गाणं देशातल्या वर्षभराच्या चाळीस हिट गाण्यांत आल्याचं स्टुडिओतून कळलं होतं. कितवं, ते रेडिओवरच कळणार होतं. ताईचं म्हणणं असं, "मागे उभं राहून आ-आ करायला काय लागतं? ते तर मी दाढ दुखतानाही करते." हे वाक्य बायको विसरली होती. लॉन्ड्रीवाल्याच्या मात्र जिव्हारी लागलं होतं.

संध्याकाळी कपड्यांचे गठ्ठे बाजूला सारून दुकानातच बैठक मांडली. ताई आली, शेजारचा इलेक्ट्रिशियन आला, समोरच्या नर्सबाई आल्या. दोन-तीन गिऱ्हाइकंही होती. त्यांचे कपडे तयार असूनही त्याने दिले नव्हते, म्हणून ती बसली होती. रेडिओ इस्त्रीच्या टेबलावर, आणि त्याला खेटून स्टुलावर बायको.

कार्यक्रम सुरू झाला. चाळीसपासून उलटं एकपर्यंत यायचं होतं. "सुरुवातीला काय, किरकोळच असणार," म्हणत लॉन्ड्रीवाल्याने रेडिओ बारीक केला आणि घसा खाकरला. त्याला दोन शब्द बोलायचे होते.

एरवी घरात 'हं' आणि 'उद्या बघू' यापलीकडे न जाणारा हा माणूस त्या दिवशी सुटलाच. ही गुणगुणत इस्त्री करायला लागली की गिऱ्हाईक कपडे घेऊनही दारात कसं रेंगाळतं, आईच्या आजारपणात हिने गाणं कसं बाजूला ठेवलं, आणि ते पुन्हा सुरू झालं तेव्हा घरात कसा जीव आला, सगळं सांगितलं. मध्येच त्याने गिऱ्हाइकाच्याच धुतलेल्या शर्टाला डोळे पुसले. नर्सबाईंनी पाणी दिलं, इलेक्ट्रिशियनने रेडिओ मोठा केला. अडतिसावं गाणं चाललं होतं.

तिसावं झालं, गाणं नाही. "यादीत आहे ना नक्की?" ताईने विचारलं.

"आहे. वरच्या नंबरांत असेल."

"अहो, ऐका ना जरा," बायको म्हणाली.

"थांब गं, आता तुझंच लागेल."

विसावं झालं, दहावं झालं. जसजसं गाणं लागेना, तसतशी लॉन्ड्रीवाल्याची छाती फुगत चालली. बायकोने आणखी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा सगळ्यांनी मिळून तिला गप्प केलं. पाचव्या नंबराला रस्त्यावरची माणसं आत आली. तिसऱ्याला ताईने उठून भावजयीला पंख्याखाली स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. "मी पहिल्यापासून म्हणत होते, हिच्या गळ्यात काहीतरी आहे," असं तिने नर्सबाईंना सांगितलं.

दुसरं गाणं भलत्याचंच निघालं, तेव्हा दुकानात टाळ्या पडल्या. पहिलंही भलत्याचंच निघालं.

शेवटी एक गिऱ्हाईक हळूच म्हणालं, "माझी पँट मिळेल का आता?"

सगळे गेल्यावर लॉन्ड्रीवाला गठ्ठ्यावर मटकन बसला. "स्टुडिओवाल्यांनी फसवलं गं आपल्याला."

"नाही हो. लागलं की आपलं गाणं."

"कधी?"

"सगळ्यात आधी. चाळिसावं. तुमचं भाषण चाललं होतं."

"अगं, मग तेव्हाच मला थांबवायचंस ना!"

"गाणं काय, उद्याही लागेल," ती शटर ओढता ओढता म्हणाली. "तुम्ही पुन्हा कधी बोलणार होतात?"