एकोणीस दिवसांचा दर

एक सांगून ठेवतो, माणूस ओळखायला मला अर्धं मिनिट पुरतं! चोर, लुच्चा, चुगलखोर, चौकशी अधिकारी, सगळे मला नुसत्या चालीवरून कळतात. त्यामुळे आमच्या वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांच्या खोलीत तो लाल पेनवाला शिरला, तेव्हा मी ती खोली सांभाळणाऱ्या बाईंना लगेच म्हटलं, "हा साधा वाचक नव्हे!"

"नसेना का!" बाई म्हणाल्या. "त्यांना जुने दर हवेत. तुमच्या चौकटीतले."

मी पटकन कपाटाआड झालो!

आमच्या पेपरात पाचव्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढी एक चौकट असते. 'आजचा दर.' शेजारच्या देशाच्या शंभराला आपले किती, एवढंच. गेली बावीस वर्षं ती चौकट मी भरतो. रोज संध्याकाळी सहाला चलन कचेरीतून फोन येतो, पलीकडचा आकडा सांगतो, मी लिहून घेतो. ना राम राम, ना शाम शाम.

या बावीस वर्षांत मी एकदाच, फक्त एकदाच, घोळ घातला. सात वर्षांपूर्वी सासूबाई एकोणीस दिवस राहायला आल्या होत्या. बायकोचं फर्मान निघालं, "रोज पाचला घरी हजर! आईला वाटायला नको की तुम्हाला घराची ओढ नाही." सासूबाईंपुढे सहाच्या फोनची काय कथा! मी साडेचारलाच टेबलावरून उठायचो. उठण्याआधी कालचा आकडा घ्यायचा, शेवटचा अंक जरा वर किंवा जरा खाली करायचा, की चौकट तयार! कुणाच्या बापाला कळलं नाही.

आणि आता, निवृत्तीला अकरा दिवस उरलेले, दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र संपादकांच्या टेबलावर सहीसाठी पडलेलं, आणि नेमका हा उपटला! ते पत्र गेलं तर पगार गेला. घर रंगवायचं बायकोने आधीच ठरवून टाकलं होतं, रंगाऱ्याला आगाऊ पैसेही देऊन झाले होते.

मी कपाटाआड उभा राहून पाहिलं. करकरीत बूट. नाकावर चष्मा, चष्म्यावर भिंग. स्वतःची एक जाडजूड वही. वहीतला आकडा बघायचा, पेपरातला बघायचा आणि लाल खूण करायची! प्रत्येक खुणेला माझं काळीज एकेक पायरी खाली उतरत होतं.

मी सहज आल्यासारखा पुढे झालो. "काय शोधताय?"

तो दचकला. वही झाकली! "काही नाही. आपलं असंच. ताडून बघतोय."

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही हो! माझा मीच आलोय."

सगळे असंच म्हणतात. मग त्याने घसा खाकरत विचारलं, "ही चौकट भरतं कोण?"

"आहे एक जण," मी म्हणालो. "सध्या रजेवर आहे."

"पुष्कळ दिवस?"

"आजारी आहे. वाचेल असं वाटत नाही."

त्याचा चेहरा उतरला. शिकार हातची जाणार म्हणून, दुसरं काय!

तो पाणी प्यायला बाहेर गेला. मी विचार केला, आता किंवा कधीच नाही! सात वर्षांपूर्वीचं बांधलेलं बाड कपाटातून ओढलं. दाराएवढं मोठं ते धूड! पोटाशी मावेना, म्हणून पाठीमागून शर्टाखाली खोचलं आणि ताठ मानेने जिना उतरू लागलो. मान वाकवणं शक्यच नव्हतं.

खाली पहारेकऱ्याने हटकलं, "साहेब, पाठीला काय झालं?"

"उसण भरली!"

"उसणीवर तारीख छापलीय," तो म्हणाला आणि मला दंडाला धरून थेट संपादकांच्या खोलीत घेऊन गेला. "साहेब, हे रद्दी चोरत होते!"

संपादकांच्या हातात पेन होतं. पेनाखाली माझं पत्र होतं. आणि दारात, हरवलेलं बाड शोधत आलेल्या बाईंच्या मागे, लाल पेनवाला उभा! संपलं सगळं, मला वाटलं. मी हात जोडले.

"साहेब, कबूल! ते एकोणीस दिवस दर मी मनाने टाकले! फोन घेतलाच नाही! सासूबाई आल्या होत्या!"

दारातून आवाज आला, "मनाने?"

लाल पेनवाला दाराजवळच्या खुर्चीत मटकन बसला होता.

"अहो, तो फोन मी करायचो!" तो ओरडला. आणि तेव्हा कुठे मी तो आवाज ओळखला. वीस वर्षं रोज ऐकलेला! "एकोणीस दिवस तुम्ही फोन उचलला नाहीत आणि रोज सकाळी पेपरात दर मात्र हजर! माझ्यापेक्षा वेगळा! मला वाटलं, वरच्यांनी माझ्या जागी दुसरा माणूस नेमला, माझी नोकरी गेली! भीतीपोटी मी कचेरीच्या वहीत माझे आकडे खोडून तुमचे लिहिले!"

"कचेरीची वही म्हणजे..." संपादकांनी विचारलं.

"सरकारी! त्याच वहीवरून पन्नास वर्षांच्या दरांचा ग्रंथ छापलाय. परवाच बाहेर आला. मी दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालोय, पण झोप लागेना. म्हटलं, निदान पेपराशी तरी जुळतंय ना बघावं."

"मग?"

"तंतोतंत जुळतंय हो!" तो रडवेला होऊन म्हणाला.

"मग खरा दर काय होता?"

मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. माझा आम्हा दोघांवरचाही विश्वास उडाला.

संपादकांनी पेनाला टोपण लावलं. माझं पत्र उचललं, चार तुकडे केले आणि म्हणाले, "अकरा दिवस कशाला? आजच निघा."

मी संध्याकाळी तो ग्रंथ विकत घेतला. म्हटलं, बायकोला नोकरी गेल्याचं सांगायच्या आधी जरा मऊ करावं. पान उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं खरं खरं सांगितलं. "बघ, विद्यापीठातली पोरं आता हे पाठ करणार! एकोणीस दिवस या देशाचा दर तुझ्या नवऱ्याने ठरवला होता!"

तिने चष्मा लावला, आकड्यांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, की संपादक बरे वाटले.

"मनानेच टाकायचा होता ना?" ती म्हणाली. "मग आपलं चलन जरा वर चढवायला काय झालं होतं? तिथेही मेला चिकटपणा!"