अंगठी काढा, मग शेतात या

दिगूतात्यांच्या शेतात जायचं तर बांधावरच बोटातली अंगठी काढून खिशात टाकावी लागते. मग पाहुणा असो, तलाठी असो, नाहीतर सोयाबीन बघायला आलेला व्यापारी. "साप चावला की हात सुजतो, अंगठी रुतती. आधी काढा, मंग या!" धाकट्या जावयाला त्यांनी साखरपुड्याची अंगठी उतरवायला लावली, तेव्हा व्याही मंडळी जेवायला बसेनात.

जिंतूरच्या अलीकडे, डोंगराच्या कडेला आमची दोघांची शेतं लागून आहेत. मी शाळेत शिकवतो, रविवारी शेतात जातो आणि माझा प्रत्येक रविवार हा माणूस नासवतो. जरा सावलीला टेकलो की समोर हजर. "मास्तर, समजा तुमी एकटे हाव. आजूबाजूला चिटपाखरू न्हाई. अन् चावला. काय करताव?" उत्तर दर वेळी तेच द्यायचं. पळायचं नाही, साप मारत बसायचं नाही, दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, फोन करून गाडी बोलवायची आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा तर घास हातात असताना मला आडवं पाडून त्यांनी माझ्या हाताला काठी लावून उपरणं गुंडाळलं. तोवर माझी भाकर कुत्र्यानं नेली.

पण त्यांचा खरा राग कडुलिंबावर. आमच्याकडे साप चावलेल्याला मारुतीच्या पारावर नेऊन लिंबाचा पाला चघळायला देतात. पाला कडू लागला तर विष चढलं नाही, कडू लागला नाही तर चढलं, असा हिशेब. यावर तात्या भर पंगतीत भांडायचे. "तुमी पाला चारायलाव अन् तिकडं माणूस मरायलाय की!"

गेल्या काढणीला सोयाबीनच्या ढिगाखाली हात घातला आणि घोणस चावली. शेतात मी एकटाच. सांगायला लाज वाटते, पण देवाच्या आधी तात्या आठवले. अंगठी ओढून काढली, हात छातीशी धरला आणि बसल्या जागेवरून त्यांना फोन लावला.

तात्या नाला ओलांडून अनवाणी धावत आले. मला वाटलं, सुटलो. या माणसानं अर्धी हयात याच घटकेच्या तयारीत घालवली आहे. पण माझा सुजलेला हात बघितला आणि ते पढवलेलं सगळं विसरले. "भ्यायचं न्हाई, भ्यायचं न्हाई," म्हणत माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग एकदम बांधावरच्या लिंबाकडे पळाले आणि मूठभर पाला आणून माझ्या तोंडात कोंबला.

"कडू लागायलंय का? सांग की रे लेकरा! कडू लागायलंय का न्हाई?"

"तात्या, जीप बोलवा!" मी पाला थुंकत ओरडलो.

शेवटी गावातल्या जीपवाल्याला फोनही मीच केला. वाटभर हात मीच सांभाळला आणि तात्यांना धीरही मीच दिला. संताप असा आला होता की दुखणंसुद्धा मागे पडलं.

दवाखान्यात इंजेक्शनं वेळेत मिळाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. तात्या घरी गेलेच नव्हते, माझ्या पायथ्याशी बसून होते. आता मी साठवलेलं सगळं बाहेर काढलं. "इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंत, आणि ऐन वेळी पाला?"

तात्या खाली मान घालून चादर सरळ करत राहिले.

"मला चावला असता तर मी चुकलो नसतो," ते म्हणाले. "माझ्या मागं रडायला कोण बसलंय? पोरी सासरी गेल्या, त्यांची माय गेली. तू शेतात येतूस, तवा माणसाचा आवाज कानावर पडतो. तूच गेला असतास, तर मी कुणाला शिकवलं असतं रे?"

 माझ्या डाव्या हाताला पट्टी होती, उजवा मोकळा होता. तो मी त्यांच्या हातावर ठेवला.